शिसे-तांब्याची आर्सेनेट खनिजे : गुणधर्म, वर्गीकरण आणि मध्य भारतातील आप्त

शिसे आणि तांबे हे धातू माणसाच्या वापरात हजारो वर्षे आहेत, आणि आर्सेनिकही सोमल, हरताळ व मनशीळ या रूपांत वैद्य आणि रंगारी यांच्या जुन्या परिचयाचे आहे. असे असले तरी ही तिन्ही मूलद्रव्ये ऑक्सिजन आणि हायड्रॉक्सिल यांच्यासह एकाच स्फटिकात नियमित क्रमाने बांधली गेली आहेत, अशी नैसर्गिक खनिजे मोजकीच आहेत, आणि त्यांतील बेल्डोनाइट व डफ्टाइट ही दोन सर्वांत महत्त्वाची मानली जातात. आकाराने लहान, रंगाने हिरवी आणि दिसायला एकमेकांसारखी असल्यामुळे ही खनिजे ओळखणे जितके अवघड, तितकेच त्यांना वर्गीकरणात योग्य जागा देणेही अवघड ठरले आहे. म्हणून त्यांचा अभ्यास करताना एखादे खनिज स्वतंत्र आहे हे कशावरून ठरवायचे, हा खनिजविज्ञानाचा मूळ प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतो. नुसता रंग किंवा नुसते रासायनिक पृथक्करण या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. स्फटिकाच्या रचनेतील प्रत्येक जागी कोणते मूलद्रव्य बहुसंख्य आहे, हे पाहिल्यावरच निर्णय होतो, आणि मध्य भारतातील मॅंगॅनीज खाणींत सापडलेल्या आर्सेनेटांचा इतिहासही याच निष्कर्षाकडे नेतो.

आर्सेनेट म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. आर्सेनिकचा एक अणू मध्यभागी आणि ऑक्सिजनचे चार अणू त्याच्याभोवती चतुष्फलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या, कोपऱ्यांवर अशी या गटाची मांडणी असते, आणि संपूर्ण गटावर तीन ऋण विद्युत्भार असतात. फॉस्फरस आणि व्हॅनेडियम ही मूलद्रव्येही ऑक्सिजनबरोबर असेच चतुष्फलक बनवीत असल्याने फॉस्फेटे, आर्सेनेटे आणि व्हॅनेडेटे यांचा वर्ग बहुतेक पद्धतींत एकच धरला जातो. फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांतील अंतर सुमारे १.५४ अँगस्ट्रॉम, आर्सेनिक आणि ऑक्सिजन यांतील सुमारे १.६९ आणि व्हॅनेडियम व ऑक्सिजन यांतील सुमारे १.७२ अँगस्ट्रॉम असते (एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग). आर्सेनिक आणि व्हॅनेडियम यांचे चतुष्फलक आकाराने इतके जवळचे असल्याने निसर्गात ते एकमेकांची जागा सहज घेतात.

बेल्डोनाइट

या गटातील सर्वांत आधी वर्णिलेले खनिज म्हणजे बेल्डोनाइट होय. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात सेंट हिलरी या गावाजवळ पेनबर्थी क्रॉफ्ट नावाची जुनी खाण आहे. तेथील नमुन्यांचे पृथक्करण करून आर्थर हर्बर्ट चर्च या रसायनशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये हे नवे खनिज जाहीर केले आणि जॉन बेल्डन या डॉक्टरांच्या नावावरून त्याचे नाव ठेवले. कॉर्नवॉलमधील कथिल आणि तांबे यांच्या शिरांत आर्सेनिक भरपूर असल्यामुळे एकोणिसाव्या शतकात या परिसरातून अनेक आर्सेनेटे उजेडात आली, आणि बेल्डोनाइट हे त्यांपैकीच एक.

बेल्डोनाइटचे स्फटिक एकनताक्ष प्रणालीचे असतात, म्हणजे त्यांचे तिन्ही अक्ष असमान असून त्यांतील एक दुसऱ्याला तिरका असतो. सुटे, सुस्पष्ट स्फटिक क्वचितच मिळतात. खनिज बहुधा बारीक कणांच्या पापुद्र्यांच्या, गोलसर गाठींच्या किंवा चूर्णमय थरांच्या रूपात आढळते. रंग गवतासारख्या हिरव्यापासून पिवळसर हिरव्यापर्यंत बदलतो आणि चमक राळेसारखी असते. कठिनता मोहस मापक्रमावर ४.५ म्हणजे फ्लोराइटपेक्षा थोडी अधिक आहे, तर विशिष्ट गुरुत्व सुमारे ५.५ आहे. बेसाल्टचे विशिष्ट गुरुत्व ३ च्या आसपास असते हे लक्षात घेतले, तर हाताच्या तळव्यावर घेतलेला लहानसा तुकडाही अपेक्षेपेक्षा जड का लागतो हे कळते. प्रणमनांक, म्हणजे प्रकाशकिरण खनिजात शिरताना किती वळतो याचे माप, १.९५ ते १.९९ इतका उच्च आहे, आणि पाटन, म्हणजे ठरावीक पातळीवर सपाट फुटण्याचा गुण, त्यात आढळत नाही. हिरव्या रंगाचे कारण तांबे हे आहे. शिसे आणि आर्सेनेट दोन्ही दृश्य प्रकाशाच्या बाबतीत जवळजवळ रंगहीन असतात, तर दोन धन भार असलेला तांब्याचा आयन तांबड्या प्रकाशाचा मोठा भाग शोषून घेतो.

या खनिजाच्या सूत्राविषयी बराच काळ एकमत नव्हते. जुन्या पाठ्यपुस्तकांत शिशाचा एक अणू, तांब्याचे तीन, आर्सेनेटचे दोन गट आणि हायड्रॉक्सिलचे दोन गट असे सूत्र दिलेले आढळते, आणि काही ठिकाणी त्यात पाण्याचा एक रेणू जोडलेला दिसतो. सध्या मान्य असलेल्या सूत्रात पाण्याचा स्वतंत्र रेणू नाही. त्याऐवजी एक ऑक्सिजन वेगळा दाखवला जातो आणि आर्सेनेटचे दोन्ही गट हायड्रोजन जोडलेले, म्हणजे हायड्रोजन आर्सेनेट, मानले जातात. अणू मोजले तर पाणी जोडलेले जुने सूत्र आणि नवे सूत्र दोन्हींत ऑक्सिजनचे अकरा आणि हायड्रोजनचे चार अणू भरतात. दोहोंचे पृथक्करण एकसारखेच येईल : लेड ऑक्साइड सुमारे ३०.७ टक्के, कॉपर ऑक्साइड ३२.८, आर्सेनिक पेंटॉक्साइड ३१.६ आणि पाणी ५ टक्के. याचा अर्थ असा की, प्रयोगशाळेत भुकटी विरघळवून कितीही काटेकोर मोजमाप केले, तरी हायड्रोजन नेमका कोठे बसला आहे हे त्यातून कळणार नाही. त्यासाठी स्फटिकाच्या आतील मांडणीचाच पुरावा लागतो.

डफ्टाइट

दुसरे खनिज, डफ्टाइट, नामिबियातील त्सुमेब येथे सापडले. त्सुमेबची खाण विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन वसाहतीच्या काळात ओटावी खाण आणि रेल्वे कंपनीने सुरू केली. या कंपनीचे संचालक गुस्ताफ डफ्ट यांच्या नावावरून ओटो पुफाल यांनी १९२० मध्ये खनिजाचे नाव दिले. १९९६ मध्ये ही खाण बंद झाली, परंतु तोपर्यंत तिच्यातून शेकडो खनिजजाती नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यांतील कित्येक जगात प्रथम तेथेच मिळाल्या होत्या. कॉर्नवॉलमध्ये अल्प प्रमाणात मिळणारे बेल्डोनाइटही त्सुमेबमध्ये विपुल होते, इतके की त्याचे पैलू पाडलेले व घोटलेले खडे संग्राहकांपर्यंत पोहोचले.

डफ्टाइटचे सूत्र बेल्डोनाइटपेक्षा साधे आहे : शिसे एक, तांबे एक, आर्सेनेट एक आणि हायड्रॉक्सिल एक. स्फटिक समचतुर्भुजी प्रणालीचे, म्हणजे तीन असमान अक्ष परस्परांना काटकोनात असलेले, असतात. कठिनता ३ आणि विशिष्ट गुरुत्व सुमारे ६.४ आहे, तर रंग ऑलिव्ह हिरव्यापासून करड्या हिरव्यापर्यंत असतो. सूत्रावरून हिशेब केला, तर लेड ऑक्साइड ५२.३ टक्के, कॉपर ऑक्साइड १८.६, आर्सेनिक पेंटॉक्साइड २६.९ आणि पाणी २.१ टक्के असे वजनी प्रमाण येते. वरवर पाहता हे शिशाचे खनिज असून तांबे त्यात दुय्यम आहे असे वाटेल, परंतु शिशाचा अणू तांब्याच्या अणूच्या तिपटीहून अधिक जड असल्यामुळे हा भास होतो. अणूंच्या संख्येने दोन्ही धातू बरोबरीचे आहेत. खनिजाचे नाव आणि स्थान ठरवताना वजनाऐवजी अणूंची संख्या पाहावी लागते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

बेल्डोनाइट आणि डफ्टाइट यांच्याखेरीज शिसे, तांबे आणि आर्सेनेट एकत्र असलेली आणखी काही खनिजे त्सुमेबमधूनच नोंदली गेली. थोमेट्झेकाइटमध्ये शिशाच्या एका अणूमागे तांब्याचे दोन अणू, आर्सेनेटचे दोन गट आणि पाण्याचे दोन रेणू असतात, आणि ते त्सुमकोराइट गटात मोडते. आर्सेंत्सुमेबाइटमध्ये शिशाचे दोन अणू व तांब्याचा एक असून एका आर्सेनेट गटाबरोबर एक सल्फेट गटही असतो. एकाच खाणीत तीच तीन मूलद्रव्ये इतक्या वेगवेगळ्या प्रमाणांत का बांधली गेली, हे समजण्यासाठी त्यांच्या निर्मितीकडे वळावे लागते.

निर्मिती : मुरणाऱ्या पाण्याचे काम

ही सर्व खनिजे दुय्यम आहेत, म्हणजे ती खोल भूगर्भातील उष्ण द्रवांतून थेट स्फटिकरूप झालेली नाहीत, तर आधी बनलेल्या सल्फाइड धातुकांचे पृष्ठभागाजवळ विघटन होऊन त्यांच्या अवशेषांतून तयार झालेली आहेत. मूळ शिरेत गॅलेना हे शिशाचे सल्फाइड आणि टेनंटाइट हे तांबे व आर्सेनिक यांचे सल्फाइड असते. पावसाचे पाणी हवेतील ऑक्सिजन घेऊन भेगांतून खाली मुरते, तेव्हा सल्फरचे सल्फेट बनते, तांबे विरघळून पुढे वाहते, शिशाचे अँग्लेसाइट किंवा सेरुसाइट होऊन ते बहुधा जागेवरच राहते, आणि आर्सेनिक ऑक्सिडीभूत होऊन आर्सेनेट आयनाच्या रूपात पाण्यात उतरते. भूजलाच्या पातळीच्या वर असलेल्या या भागाला ऑक्सिडीभवन पट्टा म्हणतात, आणि तेथे शिसे, तांबे व आर्सेनेट पुन्हा भेटले की हिरव्या आर्सेनेटांचे पापुद्रे धरू लागतात.

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरच्या वाचकाला या प्रक्रियेचा एक साधा नमुना घराजवळ पाहता येतो. शहराच्या जुन्या वस्त्यांना मोगल काळापासून पाणी पुरवणाऱ्या कुंडी भंडाऱ्याच्या भुयारांत सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपते पाणी भिंतींवर चुन्याचे थर चढवीत आले आहे. खडकातून विरघळलेले द्रव्य परिस्थिती बदलताच पुन्हा घनरूप होते, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे, फक्त शिसे-तांब्याच्या शिरेत पाण्याबरोबर चुन्याऐवजी धातू आणि आर्सेनिक वाहत असतात.

कोणते आर्सेनेट बनेल हे पाण्याच्या आम्लतेवर आणि त्यातील तांबे, शिसे, क्लोराइड व आर्सेनेट यांच्या सापेक्ष प्रमाणावर अवलंबून असते. क्लोराइड उपलब्ध असून तांबे कमी असेल तर शिशाचे क्लोराइडयुक्त आर्सेनेट, म्हणजे मिमेटाइट, तयार होते. तांबे वाढले की डफ्टाइट, आणि शिशाच्या मानाने तांबे बरेच अधिक झाले की बेल्डोनाइट अनुकूल ठरते, कारण डफ्टाइटमध्ये तांबे व शिसे यांचे गुणोत्तर एकास एक आणि बेल्डोनाइटमध्ये तीनास एक आहे. मागाल्हाईस, पेद्रोसा दे जेझूस आणि विल्यम्स यांनी १९८८ मध्ये तांबे, जस्त व शिसे यांच्या दुय्यम आर्सेनेटांच्या रासायनिक समतोलाचा अभ्यास प्रसिद्ध करून या क्रमाला आकड्यांचा आधार दिला. त्सुमेबच्या नमुन्यांत हा क्रम प्रत्यक्ष दिसतो : मिमेटाइटचे षट्कोणी लांबट स्फटिक बाहेरून तसेच राहिलेले असतात, पण आतले द्रव्य संपूर्णपणे हिरव्या बेल्डोनाइटमध्ये बदललेले असते. रूप एका खनिजाचे आणि द्रव्य दुसऱ्याचे अशा स्फटिकांना छद्मरूपे म्हणतात, आणि पाण्याचे रसायन कोणत्या दिशेने बदलत गेले याची ती विश्वसनीय साक्ष ठरतात.

आतील रचना

क्ष-किरण विवर्तनाने, म्हणजे अणूंच्या रांगांवरून विखुरलेल्या क्ष-किरणांच्या आकृत्यांवरून, या खनिजांची आतील मांडणी उलगडली. डफ्टाइटमध्ये तांब्याच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे सहा अणू अष्टफलकाच्या आकारात असतात. हे अष्टफलक कडेला कड लावून लांबलचक साखळ्या बनवतात, आर्सेनेटचे चतुष्फलक या साखळ्यांना एकमेकींशी जोडतात आणि उरलेल्या मोठ्या पोकळ्यांत शिसे बसते. तांब्याचा अष्टफलक कधीच सुबक नसतो : चार ऑक्सिजन जवळ आणि दोन दूर अशी त्याची ओढाताण तांब्याच्या इलेक्ट्रॉन-रचनेमुळे ठरलेली असते. शिशाच्या आयनाभोवतीही ऑक्सिजनची मांडणी एका बाजूला झुकलेली असते, कारण त्याच्या बाह्य कवचातील बंधात भाग न घेणारी इलेक्ट्रॉनांची जोडी जागा व्यापते.

बेल्डोनाइटची मांडणी याहून निराळी आहे. सुब्रत घोष आणि वान यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ती गुंतागुंतीची थररचना असल्याचे दाखवले : तांब्याचे अष्टफलक कडांनी जोडले जाऊन पत्रे बनतात, आर्सेनेट त्यांच्या दोन्ही अंगांना चिकटते आणि शिसे दोन थरांच्या मध्ये राहते. अशा प्रकारे एकाच खाणीतील, एकाच रंगाची आणि तीच मूलद्रव्ये असलेली ही दोन खनिजे रचनेने साखळ्यांची आणि थरांची अशी पूर्णपणे वेगळी ठरतात.

वर्गीकरणाच्या पद्धती

जेम्स ड्वाइट डेना यांचा खनिजविज्ञानावरील ग्रंथ १८३७ मध्ये निघाला. त्यांनी आरंभी जीवशास्त्राच्या धर्तीवर केलेली मांडणी पुढील आवृत्त्यांत सोडून रासायनिक पाया स्वीकारला, आणि ऋण आयन कोणता यावरून खनिजांचे वर्ग पाडण्याची रीत रूढ झाली. हुगो स्ट्रुंझ यांनी १९४१ मध्ये रासायनिक पायाला स्फटिकरचनेची जोड देऊन सारण्या प्रसिद्ध केल्या, आणि अर्नेस्ट निकेल यांच्यासह २००१ मध्ये निघालेली त्यांची नववी आवृत्ती आजही संदर्भासाठी वापरली जाते. या पद्धतीत आठवा वर्ग फॉस्फेटे, आर्सेनेटे आणि व्हॅनेडेटे यांचा असून त्याचे विभाग पाडताना दोन प्रश्न विचारले जातात : हायड्रॉक्सिल किंवा फ्लोराइड यांसारखा अधिकचा ऋण आयन आहे का, आणि स्वतंत्र पाणी आहे का. त्यानंतर धन आयनांचा आकार आणि हायड्रॉक्सिल व आर्सेनेट यांचे गुणोत्तर पाहिले जाते.

या कसोट्यांनुसार बेल्डोनाइट आणि डफ्टाइट ही दोन्ही एकाच उपविभागात येतात, कारण दोहोंत हायड्रॉक्सिल आणि आर्सेनेट यांचे प्रमाण एकास एक असून मोठे व मध्यम आकाराचे धन आयन एकत्र आहेत. मात्र उपविभागाच्या आत डफ्टाइट पस्तिसाव्या आणि बेल्डोनाइट पंचेचाळिसाव्या क्रमांकावर, अशा वेगळ्या गटांत ठेवलेले आहे. पाणी असलेले थोमेट्झेकाइट निराळ्या विभागात जाते, तर मिमेटाइट अपेटाइटच्या कुटुंबात. म्हणजेच छद्मरूपाच्या एका नमुन्यात बाहेरचा आकार एका कुटुंबाचा आणि आतले द्रव्य दुसऱ्या कुटुंबाचे असते, आणि ज्याचे द्रव्य, त्याचीच नोंद होते.

डफ्टाइटचा गट ॲडेलाइट-डेस्क्लोइझाइट या नावाने ओळखला जातो. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे आर्सेनेट असलेले ॲडेलाइट, कॅल्शियम व तांबे यांचे कोनिकॅल्साइट आणि शिसे व तांबे यांचे व्हॅनेडेट असलेले मोट्रामाइट यांचा समावेश होतो. या गटात घटकांची देवाणघेवाण मोठ्या प्रमाणावर चालते. शिशाची जागा कॅल्शियम घेत गेले की डफ्टाइट हळूहळू कोनिकॅल्साइटकडे सरकते, आणि आर्सेनिकची जागा व्हॅनेडियम घेत गेले की मोट्रामाइटकडे. दोन टोकांमध्ये असे अखंड मिश्रण शक्य असले तर त्याला घन विद्राव म्हणतात. सीमा कोठे आखायची यासाठी आंतरराष्ट्रीय खनिजविज्ञान संघटनेचा नियम असा की, विचाराधीन जागेवर ज्या मूलद्रव्याचे अणू सर्वांत अधिक, त्याच्या नावाने खनिज ओळखावे. हा नियम लागू होण्यापूर्वी डफ्टाइटचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार सांगितले जात. पुढील तपासण्यांत बीटा-डफ्टाइट हे डफ्टाइट व कोनिकॅल्साइट यांच्यामधील मिश्रण आहे असे दिसून आल्याने ते स्वतंत्र नाव सोडून देण्यात आले.

मध्य भारतातील आप्त

बुऱ्हाणपूर शहर तापीच्या काठच्या गाळावर वसले असून परिसराचा पाया सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दक्खनच्या बेसाल्टचा आहे. या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत झिओलाइटे, कॅल्साइट आणि गारेचे प्रकार वाढतात, परंतु गॅलेना व टेनंटाइट यांच्या शिरा हा त्याचा स्वभाव नाही. त्यामुळे बेल्डोनाइटच्या निर्मितीस लागणारा कच्चा मालच येथे नसतो. बेसाल्टच्या आच्छादनाबाहेर, जुन्या रूपांतरित खडकांत गेले की चित्र बदलते. वायव्येला झाबुआ जिल्ह्यातील काजलीडोंगरी आणि पूर्वेला छिंदवाडा भागातील, मराठी बोलल्या जाणाऱ्या सौंसर पट्ट्यातील सीतापार या दोन मॅंगॅनीज खाणींनी आर्सेनेटांच्या इतिहासात नाव मिळवले आहे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुईस ली फर्मोर यांनी १९०९ मध्ये भारतातील मॅंगॅनीज धातुकांवर प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी गोळा केलेल्या नमुन्यांपैकी काहींची तपासणी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील हर्बर्ट स्मिथ व जॉर्ज प्रायर यांनी केली, आणि १९११ च्या सुमारास त्यांच्या लेखातून दोन आर्सेनेटे पुढे आली : सीतापारचे नवे खनिज फर्मोराइट, आणि काजलीडोंगरीचे टिलासाइट, जे त्यापूर्वी स्वीडनमधील लोंगबान येथून नोंदले गेले होते.

फर्मोराइट पांढरे ते फिकट गुलाबी, स्निग्ध चमकेचे, ५ कठिनतेचे आणि सुमारे ३.५ विशिष्ट गुरुत्वाचे आहे. त्यात कॅल्शियमबरोबर स्ट्रॉन्शियम, आणि आर्सेनेटबरोबर फॉस्फेट असते, आणि त्याची मांडणी अपेटाइटची आहे. म्हणजे त्सुमेबच्या छद्मरूपांत बेल्डोनाइटला ज्याने आकार दिला त्या मिमेटाइटचे आणि सीतापारच्या फर्मोराइटचे कुटुंब एकच. बराच काळ ते षट्कोणी समजले गेले, परंतु ह्यूज आणि ड्रेक्सलर यांनी १९९१ मध्ये मूळ नमुन्याची रचना तपासली तेव्हा ते षट्कोणी वाटणारे, पण वस्तुतः एकनताक्ष असल्याचे आढळले. पुढे २०१० मध्ये अपेटाइट महागटाची नावे एकसूत्री करण्यात आली, तेव्हा फर्मोराइट हे नाव बाजूला पडून त्याची नोंद जॉनबॉमाइट-एम अशी करण्यात आली. यातील 'एम' हे अक्षर एकनताक्ष रूप सूचित करते. जॉनबॉमाइट हे अमेरिकेतील फ्रँकलिन खाणीतून १९८० मध्ये, म्हणजे सीतापारनंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी, वर्णिले गेले होते. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या जागी अल्पसंख्य असल्याने बहुसंख्येच्या नियमाने ते नावात येत नाही, आणि केवळ सममितीतील फरक वेगळ्या जातीला पुरेसा मानला जात नाही, असा या निर्णयाचा आधार आहे.

टिलासाइटची गोष्ट निराळी आहे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, आर्सेनेट आणि फ्लोराइड असे त्याचे सूत्र असून हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोराइड एवढाच काय तो ॲडेलाइटशी फरक दिसतो, आणि ॲडेलाइटच्या सूत्रात कॅल्शियमऐवजी शिसे व मॅग्नेशियमऐवजी तांबे घातले की डफ्टाइट मिळते. सूत्रांची तुलना केली तर काजलीडोंगरीचे टिलासाइट डफ्टाइटचे निकटचे आप्त ठरते. रचनेची तुलना केली तर ते तसे ठरत नाही : ॲडेलाइट व डफ्टाइट समचतुर्भुजी असून एकाच साच्याची आहेत, तर टिलासाइट एकनताक्ष असून त्याचा साचा टायटेनाइट या सिलिकेटाशी जुळतो. म्हणूनच स्ट्रुंझ पद्धतीत ती एकाच उपविभागात असूनही वेगळ्या गटांत आहेत.

मध्य भारतातील आर्सेनेटांचा उगमही त्सुमेबपेक्षा वेगळ्या मार्गाने झाला. मॅंगॅनीज व लोह यांची ऑक्साइडे पाण्यातील आर्सेनिक आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतात. समुद्रतळावर साचलेल्या अशा गाळाचे पुढे उष्णता व दाब यांनी रूपांतरण झाले, तेव्हा सुटलेले आर्सेनिक भोवतालच्या कॅल्शियम, मॅग्नेशियम व स्ट्रॉन्शियम यांच्याशी जोडले गेले, असे या प्रकारच्या ठेवींविषयी मानले जाते. शिसे आणि तांबे यांच्या शिरा तेथे नसल्यामुळे आर्सेनेटे हिरवी न होता फिकी राहिली.

नावे बदलण्याचा अनुभव या पट्ट्याला नवा नाही. फर्मोर यांनी सीतापारवरून दिलेले सीतापाराइट पुढे बिक्सबाइटच असल्याचे ठरले, तर नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरीशी संबंधित व्रेडेनबर्गाइट हे एकसंध खनिज नसून जॅकोबसाइट आणि हॉसमनाइट यांची सूक्ष्म गुंफण असल्याचे आढळले. याउलट काजलीडोंगरीच्या नमुन्यांवरून वर्णिलेले हॉलंडाइट प्रत्येक तपासणीतून टिकले आणि आज त्याच्यासारख्या रचनेच्या ऑक्साइडांच्या संपूर्ण महागटाला त्याचेच नाव आहे.

ओळख आणि तपासणी

शिसे-तांब्याची आर्सेनेटे प्रत्यक्ष ओळखताना सर्वांत मोठा घोटाळा मॅलॅकाइटशी होतो. मॅलॅकाइट कार्बोनेट असल्याने सौम्य आम्लाच्या थेंबाने फसफसते, आर्सेनेटे तशी फसफसत नाहीत. शिवाय मॅलॅकाइटचे विशिष्ट गुरुत्व ४ च्या आसपास असल्याने ते बेल्डोनाइटपेक्षा स्पष्टपणे हलके असते. कोनिकॅल्साइटची कठिनता बेल्डोनाइटइतकीच असली तरी त्यात शिसे नसल्याने तेही हलके भरते. मोट्रामाइट मात्र रंग, कठिनता आणि जडपणा या तिन्ही बाबतींत डफ्टाइटच्या इतके जवळ असते की, आर्सेनिक अधिक की व्हॅनेडियम अधिक हे मोजल्याशिवाय निवाडा होत नाही. जुन्या काळी कोळशावर फुंकनळीने नमुना तापवून येणाऱ्या लसणासारख्या वासावरून आर्सेनिक ओळखीत. ती वाफ विषारी असल्याने ही रीत आता सोडून दिलेली आहे. इलेक्ट्रॉन-झोत सूक्ष्मविश्लेषकाने काही मायक्रॉन आकाराच्या ठिपक्याचे पृथक्करण आणि क्ष-किरण विवर्तनाने त्याच्या साच्याची खात्री, अशी दोन्ही साधने एकत्र वापरणे हीच आजची पद्धत आहे. अशी खनिजे हाताळताना धूळ उडू न देणे आणि नंतर हात धुणे आवश्यक आहे, कारण शिसे आणि आर्सेनिक दोन्ही शरीरात गेल्यास अपाय करतात.

धातुक म्हणून या खनिजांना महत्त्व नाही. त्यांचे मोल संग्राहकांना आणि त्याहून अधिक पर्यावरणाच्या अभ्यासकांना आहे. खाणींच्या टाकाऊ ढिगाऱ्यांतून झिरपणारे आर्सेनिक भूजलात जाणार की एखाद्या कमी विद्राव्य खनिजात अडकून राहणार, हे ठरवताना शिसे व तांबे यांच्या आर्सेनेटांची स्थिरता हा कळीचा मुद्दा ठरतो, आणि ही स्थिरता मोजण्यासाठी कोणते खनिज नेमके बनले आहे हे आधी ठाऊक असावे लागते. त्या दृष्टीने वर्गीकरण हे केवळ नावांचे काम राहत नाही.

निष्कर्ष

बेल्डोनाइटचे सूत्र, बीटा-डफ्टाइटचे लोप पावलेले नाव, टिलासाइटचे सूत्राने जवळचे पण रचनेने दूरचे नाते आणि फर्मोराइटचे झालेले नामांतर, या चारही उदाहरणांत रासायनिक पृथक्करण चुकलेले नव्हते, अपुरे होते. खनिजाची जात ठरवताना कोणती मूलद्रव्ये आहेत यापेक्षा ती कोणत्या जागी आणि किती अणूंनी आहेत हा प्रश्न निर्णायक असतो, आणि त्याचे उत्तर साधनांच्या प्रगतीबरोबर बदलत जाते. नाव बदलले तरी नमुना आणि त्याचे उगमस्थान बदलत नाही. सीतापारचा पांढरट तुकडा आज दुसऱ्या नावाने नोंदला जात असला, तरी त्या एकनताक्ष रूपाचे मूळ स्थान म्हणून जगभरच्या सूचींत छिंदवाडा जिल्हाच लिहिला जातो. म्हणून संग्रहातील प्रत्येक नमुन्याबरोबर खाण, खडकाचा प्रकार आणि सोबतची खनिजे यांची नोंद जपणे अगत्याचे आहे, कारण नावाविषयीचा पुढचा वाद सोडवण्यास त्याच नोंदी उपयोगी पडतील.